गटात चौथे आलो त्याची खुशाली

रुवी, मस्कत
१० डिसेंबर २०१७

तीर्थस्वरूप फेबियनदादास धाकट्या मॅक्सिमचा वाकून नमस्कार.

प्रभूच्या कृपेने मी आणि लिंडा, दोघं इथे धडधाकट आहोत. वहिनीचा खोकला कसा आहे? परवाच्या वादळी पावसात केळी आडवी झाली का? गोठ्याचा पत्रा बसवलास की अजून 'बघू' चाललंय? कुत्र्याचा कान बरा झाला असेल अशी आशा करतो. फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय असं तू वहिनीला विचारशील, म्हणून आधीच सांगतो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी फुटबॉलचा 'फु' काढला की तू 'आमच्या वेळी' म्हणून सुरू करतोस आणि तालुक्याच्या फायनलमध्ये अडवलेल्या पेनल्टीपर्यंत पोचेस्तोवर माझा बॅलन्स संपतो. कागदाला मध्येच तोडता येत नाही. हे पत्र आणि सोबतचे खजूर दिलशाद आणून देईल (तो इथल्या हॉटेलात वाढपी आहे, नालासोपाऱ्याचा, सुट्टीवर निघालाय). त्याला चहा द्या, पण फुटबॉलबद्दल काही विचारू नका. तो सगळं आधीच सांगून टाकेल.

तर मुख्य बातमी. तुझ्या पुतणीचा, आपल्या अ‍ॅश्लीचा क्लब युरोपा लीगच्या गटात चौथा आला. एका गटात संघ चारच असतात हे मला ठाऊक आहे. हसू नकोस, पुढे वाच. आमच्या वरच्या मजल्यावर यशवंत मेश्राम म्हणून एक इंजिनीअर राहतो (नागपूरचा, पूल बांधतो, तरी स्वभावाने मोकळा). त्याने मला समजावलं की युरोपात क्लब हजारोंनी आहेत, आणि या स्पर्धेच्या गटांपर्यंत पोचतात फक्त अठ्ठेचाळीस. म्हणजे आपण चौथे नाही. आपण अठ्ठेचाळिसांतले आहोत. हे वाक्य मी इथे इतक्या लोकांना ऐकवलंय की आता यशवंत मला बघितलं की जिना बदलतो.

अ‍ॅश्लीने फिजिओथेरपी केली, मग नॉर्वेला जाऊन पुढचं शिकली, हे तुला माहीत आहेच. शिक्षण झाल्यावर तिने तिथल्याच एका फुटबॉल क्लबात नोकरी धरली हेही तुला माहीत आहे. (क्लबचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी तुला उच्चारता येणार नाही, मलाही येत नाही. गाव एवढंसं, सगळे मिळून आपल्या नंदाखालच्या चर्चच्या सणाला जमतात तेवढे लोक नसतील. हिवाळ्यात तिथे दुपारीच दिवे लावतात.) पण लिंडाला हे काम कधी पटलं नाही, हे मात्र आम्ही तुला सांगितलं नव्हतं. तिला मुलगी इथल्या एखाद्या हॉस्पिटलात, एसीत, पांढऱ्या कोटात हवी होती. 'परक्या पुरुषांच्या पोटऱ्या चोळायला एवढं शिकवलं का मी?' हे तिचं वाक्य गेली दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठासारखं असायचं. चर्चमधल्या बायकांना आणि ती काम करते त्या दातांच्या दवाखान्यातल्या शकीलाला तिने सांगून टाकलं होतं की मुलगी नॉर्वेला हॉस्पिटलात आहे. अ‍ॅश्लीच्या कानावर हे गेलं आणि मग मायलेकींचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो' एवढ्यावर आलं. मी मधे बसून दोन्हीकडून फोन धरायचो.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी तिचा फोन आला. ओरडतच होती. 'पप्पा, वी आर इन द ग्रुप स्टेज! ग्रुप स्टेज, पप्पा!' तुला तिचं मराठी माहीत आहे, इथल्या शाळेत शिकलेली पोर, आनंद झाला की एकही शब्द मराठीत सापडत नाही तिला. मला वाटलं गावाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे आणि ही स्टेजवर ग्रुप डान्समध्ये आहे. मी विचारलं, कपडे कुठले घालणार? मग हळूहळू, मी केजीत असल्यासारखं, तिने मला गट, ड्रॉ, घरचा सामना, बाहेरचा सामना सगळं शिकवलं. आमच्या गटात एक स्पेनचा क्लब, एक तुर्कस्तानचा आणि एक चेक. तिन्ही मोठे. त्यांच्या एका राखीव खेळाडूच्या पगारात आमच्या क्लबाचं अख्खं गाव जेवेल, असं अ‍ॅश्लीच म्हणाली. (मी 'आमचा क्लब' लिहितोय याची नोंद घे. त्या दिवसापासून तो आमचाच.)

घरी आमच्याकडे तो चॅनल नाही. म्हणून मी बाबामियाँच्या हॉटेलात गेलो. बाबामियाँ दापोलीकडचे, रुवीत त्यांचं हॉटेल माझ्या आधीपासून आहे, आणि त्यांच्याकडे भिंतीएवढा टीव्ही आहे. पण गुरुवारी रात्री तिथे गर्दी असते आणि प्रत्येकाला इंग्लंडचा मोठा क्लब बघायचा असतो. एका लहानशा नॉर्वेच्या क्लबासाठी चॅनल बदला म्हणणं म्हणजे लग्नाच्या जेवणात पेज मागण्यासारखं. मी बाबामियाँना खरं कारण सांगितलं. ते गल्ल्यावरून उठले, रिमोट स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाले, 'आज घरची मुलगी खेळतेय. कोणाला दुसरं बघायचं असेल त्याने चहा संपवून जावं.' मुलगी खेळत नाही, खेळणाऱ्यांचे पाय बघते, हे मी सांगणार होतो. पण तोवर लोक टाळ्या वाजवायला लागले होते, आणि टाळ्या चालू असताना खुलासे करू नयेत असं माझं मत आहे.

पहिल्या सामन्यात आम्ही तीन गोल खाल्ले. त्याचं मला काही वाटलं नाही, कारण मी बॉलकडे बघतच नव्हतो. मी राखीव खेळाडूंच्या बाकाकडे बघत होतो. एकदाच कॅमेरा बाकावरून सरकला आणि लोकरीची टोपी घातलेली आमची अ‍ॅश्ली दिसली. मी खुर्चीवर चढून 'ती बघा' म्हणेपर्यंत स्पेनवाल्यांचा कॉर्नर आला होता. कोणालाच दिसली नाही. यशवंतने विचारलं, नक्की तीच होती का, टोप्या तर सगळ्यांच्याच होत्या. त्या रात्री मी एक साधी गोष्ट ओळखली: फिजिओ टीव्हीवर कधी दिसते? खेळाडू पडला की. म्हणजे मुलगी दिसायची असेल तर आमचा कोणीतरी पडायला हवा.

दादा, मी मोठं काही मागितलं नाही. पोटरीत गोळा, घोट्याला मुरगळ, एवढंच. दुसऱ्या सामन्यापर्यंत हॉटेलातली सगळी नेहमीची गिऱ्हाइकं माझ्या बाजूने झाली होती. जगात बहुधा आमचा एकच गट असेल जो आपल्याच संघाचा माणूस पडावा म्हणून श्वास रोखून बसत असे. एक जण पडला तेव्हा हॉटेल असं उसळलं की बाहेरचा टॅक्सीवाला 'गोल?' विचारत आत आला. पण तो तुर्कांचा निघाला. त्यांची माणसं धावत आली, सगळी दाढीवाली. आम्ही खाली बसलो. पुढच्या वेळी आमचाच पडला, अगदी छान पडला, पण त्याच्याकडे क्लबाचे डॉक्टर गेले. ते वयस्कर गृहस्थ आहेत, सावकाश चालतात, आणि मैदान ओलांडताना कॅमेरा त्यांच्यावरच होता. मी एवढा चिडलो की दिलशादने न विचारता माझ्यासमोर लिंबूपाणी ठेवलं.

चौथ्या सामन्यात देवाने ऐकलं. आमच्या डाव्या बाजूच्या पोराचा घोटा मुरगळला आणि अ‍ॅश्ली पिशवी घेऊन सुटली. काय धावते, दादा! तू गोलकीपर, तुला धावायची सवय नव्हती, म्हणून तुला सांगतो, आपल्या घराण्यात असं कोणी धावलेलं नाही. गुडघ्यावर बसली, बूट काढला, फवारा मारला, पट्टी बांधली, त्याला काहीतरी दरडावलं (लिंडासारखं, हुबेहूब), आणि तो पठ्ठ्या उठून खेळायला लागला. अख्खं हॉटेल उभं राहिलं. बाबामियाँनी सगळ्यांना शिरा वाटला. आम्ही चार विरुद्ध एक असे हरलो हे मला दुसऱ्या दिवशी यशवंतने सांगितलं. मी तिथूनच लिंडाला फोन लावला, म्हटलं, दिसली, आपली पोर दिसली! मग तिने एकच विचारलं, 'कान झाकले होते का?' मी म्हटलं हो. तिने फोन ठेवला. पण घरी आलो तेव्हा ती जागी होती आणि टोपीचा रंग कोणता होता तेही विचारलं.

आता पाचवा सामना. हे मी जरा सावकाश लिहितो.

त्या दिवशी सामना लवकर सुरू झाला होता. लिंडा गुरुवारच्या रोझरीहून परतताना मला घरी न्यायला म्हणून हॉटेलात आली. बघायला नव्हे, असं तिने आत शिरताच बाबामियाँना बजावलं. टीव्हीकडे पाठ करून बसली. अ‍ॅश्लीच्या गावात बर्फ पडत होतं, चेकवाल्यांविरुद्ध एक-एक बरोबरी चालली होती, आणि मी नेहमीप्रमाणे मनातल्या मनात एखादा घोटा मागत होतो. तेवढ्यात एक उंच बॉल आला. आमचा मधला बचाववाला, एकवीस वर्षांचा पोर, आणि त्यांचा एक, दोघांनी एकदम उडी मारली. डोक्यावर डोकं आदळलं. तो आवाज त्या टीव्हीतून, त्या गोंगाटातून आम्हाला ऐकू आला. त्यांचा माणूस डोकं धरून बसला. आमचा पोर हात न टेकता सरळ खाली गेला आणि हलला नाही.

कोणी ओरडलं नाही. कोणी उसळलं नाही. लिंडाने वळून बघितलं.

अ‍ॅश्ली पंचाच्या शिट्टीआधीच निघाली होती. ती पोचली तेव्हा पोराला श्वास येत नव्हता, जीभ मागे पडली होती. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, मान तसूभरही हलू न देता जबडा पुढे ओढला आणि श्वासाची वाट मोकळी केली. खेळाडू रडत होते, एक जण तिच्या अंगावर वाकून त्या पोराचं नाव घेऊन हाका मारत होता, त्याला तिने नजर न वळवता बाजूला हो म्हणून सांगितलं. डॉक्टर पोचेपर्यंत तिने हात सोडला नाही. हातमोजे घालायला वेळ नव्हता. बर्फात, उघड्या हातांनी, दादा.

इकडे आमच्यात कोणाला काय करावं कळेना. लिंडाने 'नमो मारिये' सुरू केलं, आधी ओठांत, मग मोठ्याने. बाबामियाँ टोपी सारखी करून पुटपुटत होते. यशवंत, जो देवाधर्मात पडत नाही, तो भिंतीला टेकून हात घट्ट बांधून उभा होता. आणि मी, ज्याने दोन महिने हेच मागितलं होतं, मी टेबलाच्या कडेला धरून बसलो होतो. कॉमेंट्री अरबी. मला अरबीतलं यल्ला आणि खलास सोडून काही येत नाही, आणि तो माणूस खलास म्हणेल की काय या भीतीने मी कान बंद करून घेतले. लिंडा दिलशादवर ओरडली, 'क्या बोलता है वो? बोल ना!' दिलशाद हातात चहाचा ट्रे घेऊन ऐकत होता. मग म्हणाला, 'सांस चल रही है, आंटी. लडकी ने बचा लिया, बोलता है.' बाबामियाँ 'हमदुलिल्ला' म्हणून खाली बसले, तेही खुर्ची नव्हती तिथे.

स्ट्रेचरवरून नेताना त्या पोराने एक हात उचलला. अ‍ॅश्ली शेजारी चालत होती. मग ती बाकाकडे परत आली आणि पहिल्यांदाच, सगळ्या स्पर्धेत पहिल्यांदाच, कॅमेऱ्याने तिचा चेहरा भिंतीएवढा दाखवला. नाक लाल, डोळे लाल. आणि तिने बाहीला नाक पुसलं. 'रुमाल!' लिंडा किंचाळली. 'सहा रुमाल दिलेत मी तिला बॅगेत!' आणि मग ती खुर्चीवर चढली (माझ्याच खुर्चीवर, मी बाजूला झालो) आणि हॉटेलभर वळून सांगायला लागली, माझी मुलगी, ही माझी मुलगी, क्लबात फिजिओ आहे, हॉस्पिटलात नाही, क्लबात. कोणी विचारलं नव्हतं. त्या शुक्रवारी मिस्सा संपल्यावर तिने रुवीच्या चर्चच्या अंगणात एकेका बाईला गाठून आपली जुनी माहिती दुरुस्त केली. शकीलाला तर दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडं असताना सांगितलं.

त्याच रात्री मायलेकींचं बोलणं झालं. मला फोन धरावा लागला नाही. मी गॅलरीत उभा होतो, आत काय बोलल्या ते माहीत नाही, पण दोनदा डोकावून आलो तरी फोन चालूच होता. पोरगा आता बरा आहे, दुसऱ्याच आठवड्यात तो तिच्यासाठी आईच्या हातचा केक घेऊन आला. मी फादरांकडे जाऊन कबुली दिली की मी लोकांचे घोटे मुरगळावेत म्हणून प्रार्थना केली. फादर गोव्याचे. त्यांनी आधी क्लब कोणता ते विचारलं, मग पापमुक्ती दिली.

तो सामना बरोबरीत सुटला. तोच आमचा एकुलता एक गुण. सहाव्या सामन्यात पुन्हा हरलो आणि गटात चौथे राहिलो. पण त्या शेवटच्या सामन्याला लिंडा सर्वांत पुढे बसली होती आणि आमचा एकही माणूस पडला नाही, आणि दर वेळी कोणी धडपडून पुन्हा उठला की सगळं हॉटेल टाळ्या वाजवत होतं. अ‍ॅश्ली नव्वद मिनिटं दिसली नाही. एवढा सुंदर सामना मी पाहिला नाही.

वहिनीला नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
मॅक्सिम

ता. क. लिंडाने पत्र वाचलं आणि म्हणाली, खरं लिहा. म्हणून लिहितो. अ‍ॅश्लीने त्या पोराचा जबडा कसा ओढला वगैरे मी जे डोळ्यांसमोर घडल्यासारखं लिहिलं, ते टीव्हीवर दिसलं नाही. असं कोणी गंभीर पडलं की कॅमेरा दुसरीकडे फिरवतात म्हणे. आम्हाला तेवढा सगळा वेळ स्टँडमधला एक जाडा माणूस दाखवत होते, हातात अर्धं खाल्लेलं सॉसेज धरून रडणारा. बाकीचं मी अ‍ॅश्लीला तीन वेळा विचारून घेतलं. पण हॉटेलातल्या प्रत्येकाने आता ते स्वतः पाहिलेलं आहे, दिलशादने तर सर्वांत जवळून, तेव्हा त्याच्यासमोर हे काढू नकोस.

दुसरा ता. क. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. वहिनीने लिंडाला फोनवर सांगितलंय की विहिरीच्या पायरीवरून घसरल्यापासून तुझा उजवा गुडघा वाकत नाही, तू माडीवर बसून-बसून चढतोस आणि डॉक्टरकडे चल म्हटलं की अंगावर येतोस. अ‍ॅश्ली नाताळला येतेय. तिला गुडघा दाखव, दादा. तू मोठा आहेस, मी तुला सांगू शकत नाही, म्हणून एवढं लांब लिहिलं. तिच्या हातांखालून युरोपातले पाय गेलेत, तुझाही जाईल, काही बिघडत नाही. नाहीच म्हणालास तर ऐक: वहिनीचं आणि लिंडाचं ठरलंय. ती पोचेल त्या सकाळी तुझे सगळे लेंगे धुवायला टाकलेले असतील आणि कपाटात फक्त हाफ पँट असेल.